पैसा आहे, पण हेड कुठला? नदीकाठच्या एका भिंतीचं अर्थशास्त्र

स्वच्छ सर्वेक्षणाची पाहणी जवळ आली की गावोगावच्या भिंती रंगू लागतात. हंडा घेतलेली बाई, झाड कवटाळलेली मुलं, ओल्या-सुक्याच्या दोन बादल्या. त्याच गावातलं एखादं मंडळ मात्र नदीघाटाच्या भिंतीवर चांगलं चित्र काढायचं म्हणून वर्षभर पालिकेचे आणि कंपन्यांचे उंबरे झिजवतं आणि रिकाम्या हातानं परत येतं. मोठ्या कंपन्यांना समाजकार्यावर खर्च करणं कायद्यानं बंधनकारक आहे, पालिकेकडे जनजागृतीची तरतूद आहे. मग पैसा अडतो कुठं?

बहुतेक वेळा तो एका ओळीत अडतो. प्रस्तावाला जोडलेल्या कोटेशनवर लिहिलेलं असतं: ‘पर्यावरण जनजागृतीपर भित्तिचित्र, एकरकमी रु. २,००,०००/-’. समोरचा लेखापाल ती ओळ वाचतो आणि विचारतो, “हेड कुठला?” मंडळाच्या कार्यकर्त्याला वाटतं, साहेबांना द्यायचं नाही. साहेबांना मात्र खरोखरच कळत नसतं की हा खर्च टाकायचा कशात.

हेड म्हणजे काय?

हेड म्हणजे लेखाशीर्ष, खर्च ज्या नावाखाली वहीत चढतो ते नाव. पूर्वी घरोघरी पैशाचे डबे असत. किराण्याचा एक, शाळेच्या फीचा एक, आहेराचा एक. आहेराच्या डब्यात पाचशे रुपये पडून असले तरी दूधवाल्याला त्यातून दिले की महिनाअखेर घोळ व्हायचा. सरकार, पालिका आणि कंपनी असेच डबे सांभाळतात. फरक इतकाच की त्यांच्या डब्यांवर लेखापरीक्षकाची नजर असते आणि चुकीच्या डब्यातून पैसे काढणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

‘जनजागृती’ हा शब्द कुठल्याच डब्यात नीट बसत नाही. ‘भिंतीचा गिलावा आणि रंग’, ‘पथनाट्याचे सहा प्रयोग’, ‘कलावंतांचं मानधन’ हे बसतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे स्वतःच्या कल्पनेचे तुकडे पाडणं. कलावंताला हे जिवावर येतं, पण पैसा तुकड्यांनाच मिळतो.

आपल्याकडे हे नवीन नाही. आषाढी वारीत ‘पर्यावरणाची वारी, पंढरीच्या दारी’ हा उपक्रम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहभागानं चालतो. पालखीच्या वाटेवर कीर्तन, भारूड, पथनाट्यातून प्लास्टिकबद्दल, पाण्याबद्दल बोललं जातं. बघणाऱ्यासाठी ते भारूड असतं, वहीत तो कलापथकाचा खर्च असतो.

आधी भिंत कोणाची ते विचारा

पैशाच्या आधी भिंत. घाटाची भिंत पालिकेची असू शकते, जलसंपदा विभागाची, सार्वजनिक बांधकाम विभागाची, देवस्थानाची किंवा पुलाला लागून असेल तर आणखी कोणाची. महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा १९९५चा कायदा आहे. चित्र कितीही सुंदर असलं तरी मालकाच्या लेखी परवानगीशिवाय काढलं तर ते कागदावर विद्रूपीकरणच. शिवाय ना-हरकत पत्राशिवाय कुठलीही कंपनी चेक काढत नाही.

त्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: भिंतीचा नेमका भाग फुटांत, चित्र किती वर्षं पुसलं जाणार नाही, आणि डागडुजीला पुन्हा परवानगी लागणार नाही. दुसरी अट विसरली की पुढच्या पाहणीच्या आदल्या आठवड्यात कंत्राटदार येऊन सगळ्यावर एक हात मारून जातो.

मग पूररेषा पाहा. जलसंपदा विभाग नदीच्या दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या खालच्या भिंतीला पाणी लागणार हे धरून चाला. तिथं बारीक चेहरे आणि मजकूर काढू नये. मोठे सपाट रंग ठेवावेत, म्हणजे गाळ बसला तरी एक दिवस धुऊन, एक दिवस रंगवून काम भागतं.

भिंत ओली आहे का, हेही तपासा. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावून दोन दिवस ठेवा. आतून घाम धरला तर भिंतीत ओल आहे. अशा भिंतीवर महागडा रंगही पहिल्या पावसाळ्यानंतर पोपडे धरतो, आणि नाव कलावंताचं खराब होतं. नवा गिलावा असेल तर पाणी मारून झाल्यावर तो सुकायला साधारण महिना द्यावा लागतो. घाईनं त्याआधीच रंगवलं की खार फुटून पांढरे डाग येतात.

एक नमुना हिशेब

१०० फूट लांब, ८ फूट उंच भिंत धरू, म्हणजे ८०० चौरस फूट. खालचे दर नमुन्याचे आहेत, गावागणिक बदलतील. बघायची आहे ती मांडणी.

भिंत घासणं, धुणं, भेगा भरणं आणि प्रायमरचा एक हात, ही मजुरी चौरस फुटाला १२ रुपये धरली तर ९,६०० रुपये. बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण ५० ते ६० चौरस फूट जातो. म्हणजे पायाच्या रंगालाच १५ लिटर, प्रायमर १० लिटर, वर चित्राचे रंग आणि ब्रश, १८ टक्के जीएसटी धरून १४,००० रुपये. मुख्य चित्रकार १० दिवस, दिवसाला २,५०० प्रमाणे २५,०००. दोन मदतनीस १० दिवस, प्रत्येकी १,००० प्रमाणे २०,०००. घोड्या आणि शिडीचं भाडं ३,०००. वस्तीतल्या दोन बैठका, चहा, कागद, खडू ३,०००. पथनाट्याचे सहा प्रयोग, प्रत्येकी ५,००० प्रमाणे ३०,०००.

आता असे चार आकडे, जे बहुतेक प्रस्तावांत नसतात. चित्राआधी आणि नंतर करायची मोजणी (हिच्याविषयी पुढे) ८,४००. फोटो आणि माहितीफलक ५,०००. सीएकडून खर्चाचा दाखला ५,०००. आणि दोन वर्षांत दोनदा डागडुजी, प्रत्येकी ६,००० प्रमाणे १२,०००. एकूण १,३५,०००, वर पाच टक्के अडीअडचणीला ६,७५०. म्हणजे १,४१,७५०.

डागडुजीची ओळ देणाऱ्याला खटकेल म्हणून लोक ती गाळतात. उलट ती असली की प्रस्ताव वाचणाऱ्याला समजतं, या मंडळींनी भिंत दोन पावसाळे पाहिलेली आहे.

कुठला तुकडा कोणाकडे?

पालिका आणि ग्रामपंचायतींकडे स्वच्छ भारत अभियानात ‘माहिती, शिक्षण, संवाद’ नावाचं लेखाशीर्ष असतं. कार्यालयात त्याला सगळे आयईसी म्हणतात. पथनाट्य तिथं चपखल बसतं. राज्याचं माझी वसुंधरा अभियान २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालं. त्यात भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर स्थानिक संस्थांना गुण मिळतात. आपलं काम त्यांच्या कुठल्या गुणाला हातभार लावतं हे प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात सांगितलं, की मुख्याधिकाऱ्यांना फाइल पुढे ढकलायला कारण मिळतं.

खासदार निधीच्या मागे लागू नका. वर्षाला ५ कोटींचा असला तरी तो टिकाऊ सामुदायिक मालमत्तेसाठी आहे. भिंत बांधायला तो कदाचित मिळेल, रंगवायला नाही.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची कार्यक्रम आणि निर्मितीसाठी अनुदान योजना आहे. त्यात सर्वसाधारणपणे खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि ५ लाखांपर्यंत मदत मिळते. नाटक, लोककला, प्रदर्शन यांना ती सोयीची. उरलेले २५ टक्के आपण आणायचे असतात. तिथं लोकवर्गणी उपयोगी पडते. संस्था हाताशी नसलेल्या एकट्या कलावंतासाठी बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारख्या संस्था आहेत, त्या थेट कलावंताला अनुदान देतात. पण त्यांना रंगाच्या डब्यांपेक्षा कल्पनेत नवं काय आहे ते हवं असतं.

एकच बिल दोघांना दाखवायचं नाही, ही यातली सगळ्यात मोठी गोम. तुकडे दोन-तीन देणगीदारांत वाटले की प्रत्येक मूळ बिलावर त्या देणगीदाराच्या नावाचा शिक्का मारा: ‘हा खर्च अमुक निधीतून’. हे पथ्य न पाळल्यानं प्रामाणिक मंडळंही चौकशीत अडकतात; पैसा खाल्लेला नसतो, पण रंगाचं एकच बिल दोन फायलींत सापडतं.

सीएसआर मिळतो कसा?

२०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं: आदल्या वर्षी ज्या कंपनीची नक्त मालमत्ता किमान ५०० कोटी, उलाढाल किमान १,००० कोटी किंवा निव्वळ नफा किमान ५ कोटी असेल, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. हाच सीएसआर. कशावर करायचे, ते कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. आपल्या भिंतीला तिथं तीन दारं उघडी आहेत: पर्यावरण, शिक्षण, आणि कला-संस्कृती. या तिसऱ्यात पारंपरिक कला आणि हस्तकलांचा विकासही येतो. घाटावरचं चित्र पालघरचे वारली चित्रकार काढणार असतील आणि वस्तीतल्या मुलांना शिकवणार असतील, तर तेच काम या तिसऱ्या दारातून जास्त सहज आत जातं. कंपनीनं आधीच कुठलं दार निवडलंय, ते तिच्या संकेतस्थळावरच्या सीएसआर धोरणात लिहिलेलं असतं. आधी ते वाचा, मग पत्राचा मसुदा करा.

दारातच अडवणाऱ्या गोष्टीही आहेत. १ एप्रिल २०२१पासून काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. संस्थेकडे प्राप्तिकराच्या १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या हव्यात आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. नुकतंच जमलेलं मंडळ इथं बसत नाही. उपाय सोपा आहे: जिल्ह्यातल्या जुन्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्या, पैसा तिच्या खात्यात येऊ द्या, आणि कोण काय करणार याचा दोन पानी करार करा. करार तोंडी ठेवलात तर पहिली कुरबुर चित्रकाराच्या मानधनावरून होणार.

‘पाच टक्क्यांच्या वर प्रशासन खर्च चालत नाही’ असं सांगून मानधन कापायला लावणारेही भेटतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कार्यालयीन खर्चाला आहे. चित्रकाराचं मानधन हा प्रत्यक्ष प्रकल्पखर्च आहे, तो त्या पाच टक्क्यांत येत नाही.

आणि लोगो. उत्पादनाच्या जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून केलेलं प्रायोजकत्व नियमांनुसार सीएसआरमध्ये धरलं जात नाही. त्यामुळे कंपनीनं भिंतीच्या मधोमध सहा फुटी चिन्ह मागितलं तर भांडू नका, शांतपणे नियम दाखवा. कोपऱ्यात एक फूट बाय दीड फुटाची पाटी दोघांच्याही फायद्याची. ज्या कंपनीला जाहिरातच करायची आहे तिनं विपणनाच्या खात्यातून पैसे द्यावेत. तोही मार्ग आहे, पण तो दुसरा डबा.

“आम्ही पैसे नाही, रंग देतो,” असंही काही कंपन्या म्हणतात. घ्या, पावती द्या. फक्त वस्तूची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही, कर्मचाऱ्यांनी रविवारी येऊन ब्रश मारला त्या तासांचीही नाही. हे त्यांच्या लेखापालाला माहीत असतं, उत्साही एचआरला नसतं.

वर्गणीला काय लागतं?

नोंदणी नसलेल्या मंडळालाही वर्गणी काढता येते, पण त्यासाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१-क त्यासाठीच आहे. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी हीच परवानगी घेतात. ज्यांनी देखावा उभारला आहे त्यांना ही वाट पाठ आहे. तोच अनुभव भिंतीला वापरा. क्यूआर कोड एका कार्यकर्त्याच्या खाजगी खात्याचा छापणं हा आजचा सर्वात सर्रास घोटाळा. हेतू चांगला असतो, पण पैसा त्याच्या नावावर दिसतो आणि कराची नोटीसही त्याच्याच नावानं येते. दोन सह्यांचं खातं आणि क्रमांक घातलेली पावती पुस्तकं, एवढं किमान हवं.

‘८०जीची पावती द्या’ म्हणणाऱ्याला दोन गोष्टी सांगा: २,००० रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीत धरत नाहीत, आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला ती सवलतच मिळत नाही. त्यामुळे पगारदार देणगीदारांसाठी हे आमिष पूर्वीइतकं चालत नाही.

गावची मंडळी परदेशात असतील तर पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. न्यू जर्सीतल्या ज्या भाच्यानं अमेरिकी नागरिकत्व घेतलं, त्याचे पन्नास डॉलर मात्र विदेशी देणगी, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं तरी. विदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी नसेल तर त्याला प्रेमानं नाही म्हणा.

“शाळेची मुलं फुकट रंगवतील की!”

रंगवतील, आणि त्यांनी रंगवावंच. पण खालचे तीन फूट, आखून दिलेल्या चौकटीत, एका शनिवारी. शंभर फुटी भिंतीची आखणी, रंगांचं मिश्रण, उन्हात रंग किती लवकर ओढतो याचा अंदाज हे कसबाचं काम आहे. फुकटच्या कामात रंगाची नासाडी दुप्पट होते आणि चौथ्या दिवशी कोणी येत नाही. शिवाय ज्या प्रकल्पात रंगाच्या दुकानदाराला पूर्ण पैसे आणि चित्रकाराला शाल-श्रीफळ, तिथं दुसऱ्या वर्षी चांगला चित्रकार फिरकत नाही.

“चित्रानं नदी साफ होते का?”

नाही. ‘नदी आपली माता’ लिहिलेल्या भिंतीखालीच निर्माल्याच्या पिशव्या पडलेल्या कोणी पाहिल्या नाहीत? चित्र उपयोगी पडतं ते एखादी सोय दाखवतं तेव्हा. निर्माल्य कलश कुठं आहे, गाडी किती वाजता येते, विसर्जनाचा हौद कुठल्या बाजूला. कलशच नसेल तर चित्राचे पैसे आधी कलशाला घाला.

म्हणून ती मोजणी. दोन विद्यार्थी, सलग सात दिवस, सकाळी ७ ते १०, घाटावर बसून दोन रकाने भरतात: निर्माल्य कलशात टाकणारे किती, पाण्यात टाकणारे किती. चित्रानंतर तीन महिन्यांनी तीच मोजणी पुन्हा. दिवसाला प्रत्येकी ३०० रुपये, म्हणून ८,४००. एक खबरदारी: पहिली मोजणी नवरात्रात आणि दुसरी साध्या आठवड्यात केली तर आकडे फार सुंदर येतात आणि ते खोटे असतात. दोन्ही साध्या आठवड्यात करा. फरक पडला नाही तरी तो आकडा अहवालात लिहा. ‘५,००० नागरिकांमध्ये जागृती’ या वाक्यापेक्षा देणगीदार त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

“नदी घाण करणाऱ्या कारखान्याचे पैसे घ्यायचे?”

हा आक्षेप रास्त आहे, आणि तो उडवून लावणारी मंडळं पुढे तोंडघशी पडतात. पैसे घेण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळानं त्या कारखान्यावर काय कारवाई केली आहे याची माहितीच्या अधिकारात विचारणा करा. करारात एक ओळ घाला: चित्रातला आशय वस्ती आणि चित्रकार ठरवतील, देणगीदार नाही. ज्या नदीत ज्याचं सांडपाणी, त्या नदीकाठच्या भिंतीला त्याचा पैसा नको, अशी सरळ रेघ मारलेली बरी. त्याच कंपनीला जाळी आणि सांडपाणी प्रक्रियेवर खर्च करायला सांगा. तो तिचा सीएसआरही नाही, कर्तव्य आहे.

“रंग म्हणजे प्रदूषणच ना?”

तेलरंग टाळा, पाण्यानं पातळ होणारा इमल्शन वापरा. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७पासून दशलक्ष भागांत ९० भाग आहे. डब्यावर तो उल्लेख पाहून घ्या, सुट्टे रंग नकोत. ब्रश नदीत धुवायचे नाहीत, घाटाच्या नळाखालीही नाहीत. २०० लिटरचं पिंप ठेवा, त्यात धुवा, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धुण्याला वापरा. तळाचा गाळ उन्हात वाळवून पालिकेच्या घातक घरगुती कचऱ्यात द्या. उद्घाटनाला फ्लेक्स लावणार असाल तर थांबा: १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकचे आणि पीव्हीसीचे फलक १ जुलै २०२२पासून बंद आहेत. जाड फ्लेक्स चालतो, पण प्लास्टिकविरोधी चित्राच्या शेजारी तो कसा दिसेल याचा विचार करा. मांजरपाटावर हातानं लिहिलेला फलक पुरतो.

पैसा येतो कधी?

हप्त्यांत, आणि शेवटचा हप्ता सगळ्यात उशिरा. करारात साधारण निम्मा आधी आणि उरलेला खर्चाचा दाखला दिल्यावर असं असतं. आपल्या नमुन्यात म्हणजे जवळपास ७० हजार रुपये आपल्या खिशातून फिरवायचे. मदतनिसांना रोजच्या रोज पैसे द्यावे लागतात, चित्रकार आठवडाभर थांबेल, रंगाचा दुकानदार महिनाभर. हा क्रम आधी ठरवला नाही तर सहाव्या दिवशी भिंत अर्धी राहते. म्हणून दोनाऐवजी तीन हप्ते मागा: परवानगी हातात आली की ४० टक्के, अर्धी भिंत झाली की ४०, दाखल्यावर २०.

कंपनीचं वर्ष मार्चअखेर संपतं. फेब्रुवारीत ‘पंधरा दिवसांत काही करता का?’ असे फोन येतात. ज्यांच्याकडे ना-हरकत पत्र, भिंतीची मापं आणि तीन कोटेशनं तयार असतात त्यांनाच तो पैसा मिळतो. भिंतीच्या दृष्टीनं तो मुहूर्त वाईट नाही. मार्चमध्ये पैसे, एप्रिलमध्ये भिंत, मेमध्ये पथनाट्य, आणि मृगाच्या आधी रंग पुरता सुकलेला. पहिली डागडुजी दिवाळीनंतर, पाणी ओसरून भिंत कोरडी झाली की. दोन डबे रंग आणि त्याच छटांच्या नंबरांची चिठ्ठी पालिकेच्या भांडारात नव्हे, मंडळाच्या कपाटात ठेवा.